बावीस वाघिणींचा मळ

४ मार्च, सोमवार

वही नवी, सवय जुनी. तीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. कुणाचा तराजू किती खोटा निघाला ते रोज संध्याकाळी लिहून काढल्याशिवाय घास घशाखाली उतरत नसे. निवृत्तीनंतर लिहिण्याजोगं काही घडलंच नाही. आता घडतंय, म्हणून वही काढली.

दादा जाऊन सात आठवडे झाले. महिनाअखेर वहिनी हे घर सोडून पुतणीच्या शेजारी दोन खोल्यांत राहायला जाणार. बाकी सामान कसंबसं मावेल, मावणार नाही ती दादाची रेल्वे. माडीवरची अख्खी खोली तिनं व्यापलीय. टेबलांवर मांडलेली छोटी रेल्वे: एक मोठं स्टेशन, एक आडगावचं, बोगदा, पूल, कोळशाची शेड, पाच इंजिनं आणि मालगाडीच्या बावीस वाघिणी. एकेक वाघीण माझ्या तळहातापेक्षा लहान. बत्तीस वर्षं दादानं दुसरा छंद केला नाही. रेल्वे-छंद मंडळाचे चिटणीस एकवीस तारखेला ती बघायला येणार आहेत. पसंत पडली तर मंडळाच्या दालनात कायमची जागा. नाही पडली तर सुतार करवत घेऊन येईल, कारण खोली रिकामी करून द्यायची आहे.

ती नीट करायला मी इथे मुक्कामाला आलोय. लहानपणी दादानं त्याच्या कुठल्याच वस्तूला मला हात लावू दिला नाही, आणि मोठेपणी या रेल्वेला. दारात उभं राहून बघायचं, बस्स. दिवे मंद, गाडी धावतेय, मी उंबऱ्यावर. आज पहिल्यांदा आत गेलो, खिडकी सताड उघडली, आणि बघतो तर काय! मळच मळ. रुळांच्या कडा तांबरलेल्या, वाघिणींवर ओघळ, पाण्याच्या टाकीखाली हिरवट डाग. बिचाऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात कुणी फडकंसुद्धा फिरवलेलं दिसत नाही.

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, रुळांचा माथा तेवढा पुसा, वीज तिथूनच जाते. कडा नका पुसू. आणि डब्यांना हात लावू नका. तो मळ नाहीये."

मळ नाही तर काय मलई आहे? मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही चहा टाका. इथलं माझ्यावर सोडा."

त्या गेल्या. चहा मात्र आला नाही.

५ मार्च, मंगळवार

चिटणिसांना फोन केला. म्हणाले, "आहे तसं ठेवा. काहीही करू नका." आपणही पाहुणे म्हणून जाताना असंच म्हणतो, काही करू नका हं. म्हणून यजमान घर झाडत नाही काय?

पितळी पाटी करायला टाकली. "रचना आणि निर्मिती" आणि खाली दादाचं नाव. दादासाठी मी आयुष्यात काही केलं असेल तर एवढंच.

७ मार्च, गुरुवार

दिवसभर काम. कोमट पाणी, दोन थेंब साबण, दातांचा मऊ ब्रश, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या. नऊ वाघिणी धुतल्या. पहिल्या पाण्यात तांबडा रंग उतरला, दुसऱ्यात काळा, आणि खालून कोरा करकरीत करडा डबा निघाला. दुकानातून आत्ता आणल्यासारखा! डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, दादा असता तर पाठीवर थाप मारली असती. अर्थात त्यानं कधी मारली नव्हती, पण तरी.

सुतार टेबलाचा डुगडुगणारा पाय बसवायला आला होता. काम चोख केलं. जाताना लाकडावर हात फिरवून म्हणाला, "साहेब, लाकूड एक नंबर आहे. मोडायचं ठरलं तर आधी मला सांगा बरं का." हसत म्हणाला. नोंद करून ठेवतो.

वहिनी संध्याकाळी वर आल्या. त्यांचं भिंग दोरीनं गळ्यात, विणकामातून उठून आलेल्या असाव्यात. नऊ वाघिणी बघितल्या. एक उचलून उजेडाकडे धरली, परत ठेवली. मी वाट बघत होतो की काही म्हणतील. न बोलता खाली गेल्या आणि जेवायच्या वेळीही गप्प. दादाची आठवण आली असणार.

९ मार्च, शनिवार

कुठेतरी पाणी मुरतंय.

पुलाजवळची वाघीण, क्रमांक चार, परवा मी स्वतः धुतली. आज सकाळी ती मळलेली! दोन दिवसांत एवढी धूळ? आणि धूळ बसायची तर शेजारच्या पाचवर का नाही?

बरं, धूळ तरी कशी. छपरावर काळपट, दाराच्या बिजागरीखाली तांबडा ओघळ, चाकांजवळ मातकट. सगळीकडे सारखी नाही. मी धुतली पुन्हा. शिवाय राहिलेल्यांपैकी चार धुतल्या, एकूण तेरा झाल्या.

११ मार्च, सोमवार

चार पुन्हा मळली, शिवाय सात आणि नऊ.

आता हे हातानं होतंय यात शंका नाही. तीस वर्षांत मी पारड्याखाली चिकटवलेले लोहचुंबक पकडलेत, वजनांच्या बुडातून कोरून काढलेलं शिसं पकडलंय, मला कुणी शिकवू नये. पेटीतून माझा खासगी तराजू काढला. निवृत्त होताना घेतलेला, मिलिग्रॅमचा, काचेच्या पेटीतला. क्रमांक चार मळलेली: अडतीस ग्रॅम पाचशे वीस मिलिग्रॅम. धुऊन, वाळवून: अडतीस ग्रॅम चारशे. म्हणजे एकशेवीस मिलिग्रॅम मळ कुणीतरी घातला. पुरावा झाला.

खोलीच्या दारातलं कुलूप लावलं, आतूनबाहेरून किल्ली लागणारं. दादाची किल्ली माझ्या खिशात. दुसरी किल्ली असायचा प्रश्नच नाही, दादा दुसऱ्याला किल्ली देणारा माणूस नव्हता.

सुताराला निरोप धाडला की उरलेलं काम नको. रेल्वे नापसंत पडली तर लाकूड कुणाला मिळणार होतं? आपोआप कळतं.

१२ मार्च, मंगळवार

सुतार नाही, कुलूप आहे, आणि चार पुन्हा मळली! मी चार ते साडेपाच फिरायला जातो तेवढ्यात.

आज भिंग घेऊन बसलो. चीड आणणारी गोष्ट अशी की डाग त्याच जागी. बिजागरीखालचा ओघळ तीन वेळा धुतला, तीन वेळा आला, तिन्ही वेळा टोकाला किंचित डावीकडे वळलेला. दादाच्या कपाटात जुना फोटो सापडला, त्यात ही वाघीण आहे. त्यातही ओघळ डावीकडे वळलेला. म्हणजे चोराकडे फोटोची प्रत आहे. पक्का निघाला! मी चौथ्यांदा धुतली.

दुसरं म्हणजे रूळ. मी माथा आणि कडा दोन्ही लख्ख केले होते. कडा पुन्हा तांबरल्या आहेत, माथा मात्र आरशासारखा. फक्त कडांवर बसणारी धूळ जगात कुठे असते? हा माणूस माझी थट्टा करतोय.

१४ मार्च, गुरुवार

चार पुन्हा मळली, पाचव्यांदा धुतली. पाटी आली. काय सुरेख पितळ! वहिनींना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि बोटानं कडा पुसली. बोट तपकिरी होतं, नखाच्या आतसुद्धा. स्वयंपाकात काहीतरी लागलं असेल.

"छान आहे," म्हणाल्या. "अक्षरं सुबक आहेत."

"दादाचं सगळं आयुष्य आहे त्या खोलीत," मी म्हटलं.

"हो," वहिनी म्हणाल्या, "आयुष्य आहे खरं."

मग स्वयंपाकघरातून पातेलं आपटल्याचा आवाज आला. वयानं हातातून वस्तू सुटतात.

१५ मार्च, शुक्रवार

लिहू की नको असं झालंय. पण वहीशी खोटं बोलायचं तर वही कशाला.

सुई हवी होती म्हणून वहिनींची शिवणाची पेटी उघडली. वरचा कप्पा दोऱ्यांचा. खालच्या कप्प्यात बारा बाटल्या, बोटभर उंचीच्या, एक ते बारा आकडे घातलेल्या. आत पूड: काळी, तांबडी, पिवळट, राखाडी. एक ब्रश, ज्याला मोजून तीन केस. एक कागदी नळी. वहिनी बाजारात गेल्या होत्या. सगळ्या बाटल्यांतली चिमूट चिमूट कागदात बांधून घेतली.

मनात नको ते आलं. दादाला रोज रात्री दूध कोण द्यायचं? डॉक्टर हृदय म्हणाले, पण डॉक्टरांनी तरी काय तपासलं?

पुतणीला फोन केला. आडून आडून विचारलं. ती भडकली. "काका, तुम्ही आईवर संशय घेताय? काय विचारायचंय ते तिलाच सरळ विचारा ना!"

चोराला विचारून चोरी सापडत असती तर सरकारनं निरीक्षक कशाला पोसले असते? मी म्हटलं, मला फक्त दादाच्या खोलीबद्दल सांग. तर म्हणाली, "मला काय माहीत त्या खोलीचं! माझ्या लहानपणी दर रविवारी आई-बाबा दोघंही आत आणि मी एकटी बाहेर. अभ्यास कर म्हणायचे." मूळ मुद्दा सोडून जुनं रडगाणं. फोन ठेवला.

रात्री दूध घेतलं नाही. वहिनींनी विचारलं, पोट बरं नाही का. हो म्हटलं.

१६ मार्च, शनिवार

औषधाच्या दुकानदाराला पुड्या दाखवल्या. त्यानं हुंगलं, बोटावर चोळलं, पाण्यात टाकून पाहिलं. "साहेब, ही खडूची पूड, ही काजळी, आणि ही तांबडी म्हणजे चक्क लोखंडाचा गंज. पोटात गेलं तर फार तर ढेकर येईल."

लाज वाटली. चांगलीच वाटली. येताना वहिनींसाठी उगाच पपई घेतली.

पण लाज ओसरल्यावर डोकं चालायला लागलं. खडू, काजळी, गंज. हाच तर वाघिणींवरचा मळ! म्हणजे विष नाही, पण हात वहिनींचेच.

का? विचार करून करून एकच उत्तर येतं. वहिनींना ही रेल्वे नकोशी आहे. नवऱ्याचे बत्तीस वर्षांचे रविवार तिनं खाल्ले. आता ती मंडळाच्या दालनात मिरवणार, हे बघवत नाही. मळवायची, चिटणिसांनी नाक मुरडायचं, सुतारानं कापायची. वरून किती शांत बाई! दादाचं एवढं एकच नाव राहणार होतं, तेही राहू द्यायचं नाही.

पपई त्यांनी कापून आधी मला दिली. मी खाल्ली.

१८ मार्च, सोमवार

आज रंगेहाथ पकडायचं ठरवलं होतं. घडलं ते सगळं जसंच्या तसं लिहितो.

टेबलांच्या मधोमध, डोंगराच्या मागे, माणूस उभा राहील एवढी चौकोनी मोकळी जागा आहे. दादा खालून रांगत जाऊन तिथे उभा राहायचा आणि गाड्या चालवायचा. चार वाजता मी "फिरायला जातो हं" असं मोठ्यानं सांगितलं, दार आपटलं, चपला हातात घेऊन माडी चढलो, खोलीला आतून कुलूप घातलं आणि त्या चौकोनात जाऊन बसलो. अडुसष्टाव्या वर्षी. गुडघे कडाकडा वाजले.

दहा मिनिटांत कुलूप वाजलं. दुसऱ्या किल्लीनं. बोगद्याच्या तोंडातून बघितलं तर वहिनी. सवयीच्या पावलानं आल्या, स्टूल पायानंच ओढलं, दिवा खाली घेतला, बाटल्या मांडल्या. त्या खोलीत कुठे काय आहे हे न बघता त्यांच्या हातांना कळत होतं. त्यांनी चार नंबर उचलली आणि बोलायला लागल्या. माझ्याशी नाही.

"बघा, तुमच्या धाकट्यानं काय करून ठेवलंय. ही पाचव्यांदा करतेय मी. तुम्ही असतात तर घर डोक्यावर घेतलं असतंत. घेऊन तरी काय उपयोग, तुम्हाला कधी जमलं होतं? तुमचा गंज म्हणजे नुसता चिखल."

तीन केसांच्या ब्रशनं बिजागरीखाली एक ठिपका ठेवला. ओला अंगठा वरून खाली आणला आणि शेवटी किंचित वळवला. डावीकडे. मग नळीतून काळी पूड फुंकली.

ती पूड बोगद्यातून थेट माझ्या नाकात आली. मी शिंकलो. डोंगरच शिंकला म्हणा ना.

वहिनी किंचाळल्या. मी उभा राहिलो, डोक्यावर प्लास्टरचं झाड. ठरवलेलं वाक्य म्हटलं, "वहिनी, सापडलात! का नासवताय दादाचं काम?"

वहिनींचा चेहरा आधी पांढरा पडला, मग असा लाल झाला की चौतीस वर्षांत मी तसा पाहिला नव्हता.

"मी नासवतेय? मी? तीस वर्षं मी मळवलंय हे, भाऊजी! एकेक डबा, एकेक रूळ, त्या टाकीखालचं शेवाळ, त्या फलाटावरच्या पावलांच्या खुणा. तुम्ही आठ दिवसांत साबणानं धुऊन टाकलंत. तेरा डबे! मोजलेत मी!"

मी म्हटलं, "मग सांगायचं होतंत."

"सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, वहिनी, तुम्ही चहा टाका."

वही उघडून न बघताही मला ते आठवलं. खाली बसावं तर त्या चौकोनात जागा नव्हती. उभाच राहिलो.

मग त्यांनी सांगितलं. दादानं पहिली वाघीण आणली तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती. वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हे खेळणं दिसतंय, चालून चालून जुनं झाल्यासारखं दिसलं पाहिजे. स्टोव्हची काजळी बोटावर घेऊन त्यांनी छपरावर चोळली. दादा बघत राहिला. पुढच्या रविवारी त्यानंच बोलावलं. रूळ, तारा, इंजिनं दादाची. मळ वहिनींचा.

"मळ कुठे बसतो, ओघळ कुठून येतो, हात कुठे लागून कुठे झिजतं," वहिनी म्हणाल्या, "हे ज्याला रोज पुसावं लागतं त्यालाच कळतं. ह्यांना काय कळणार? ह्यांनी जन्मात कधी फडकं धरलं नाही."

मी विचारलं, "दादानं कधी कुणाला सांगितलं नाही?"

"कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. लोक म्हणायचे, वा, काय गंज आहे, हुबेहूब! हे हसायचे. मी तेव्हा खाली चहा करत असायची." मग हळूच म्हणाल्या, "तुम्हाला तरी कशी सांगू? तुमचा दादा म्हणजे तुमचा देव. म्हटलं गुपचूप करून टाकू, एकवीसच्या आत होईल."

मी खालून रांगत बाहेर आलो. गुडघ्यांवरची धूळ झटकली. शेवटी म्हटलं, "मला खडू कुटता येईल."

१९ मार्च, मंगळवार

सकाळी सहापासून दोघं. तेरा वाघिणींतल्या पाच वहिनींच्या करून झाल्या होत्या, आठ बाकी. शिवाय सगळ्या रुळांच्या कडा. मी खडू कुटतो, लोखंडी कीस व्हिनेगरात भिजवून गंज काढतो, वजन करून मिश्रणं देतो. सात नंबरची बाटली म्हणजे दोन भाग काजळी, एक भाग राखाडी. वहिनी इतकी वर्षं चिमटीनं करायच्या. माझ्या तराजूवर मोजलं तर चिमटीत पाच मिलिग्रॅमचाही फरक नाही. तीस वर्षांत इतका खरा हात मी कुठल्या सोनाराचाही पाहिला नाही.

एक वाघीण मला करू दिली, क्रमांक अठरा. ओघळ काढला. वहिनी बघून म्हणाल्या, "भाऊजी, पाऊस वरून खाली पडतो." मी तो आडवा काढला होता.

दुपारी सुताराच्या घरी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, मी तर त्या गाड्यांकडे बघताना श्वाससुद्धा रोखून धरतो. लाकूड मागितलं ते मुलीच्या पाळण्याला." उद्या येतो म्हणाला, डुगडुगणारा दुसरा पाय बसवायला. मी मान खाली घालून परत आलो.

२० मार्च, बुधवार

काम संपलं. बावीसच्या बावीस.

हात धुताना वहिनी म्हणाल्या, "उद्या काही बोलू नका हं, भाऊजी. पाटी आहे तशीच राहू द्या. मला काय, डबे वाचले म्हणजे झालं. गेलेल्या माणसाला कमीपणा कशाला?"

मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

आज दादाचा राग आला. पहिल्यांदा. तो कधीच "मी केलं" म्हणाला नाही, हे खरं. पण पारड्याखाली बोट धरणारा दुकानदारही तोंडानं काही खोटं बोलत नाही. जगातले सगळे तराजू मी तपासले. दादाचा कधी तपासलाच नाही, कारण तो दादा. आणि मी तरी काय वेगळा? दहा दिवस त्याच बाईच्या हातचं जेवून तिच्यावरच पाळत ठेवली. पाटीवर तिचं नाव नाही हे मला खटकलंसुद्धा नाही.

२१ मार्च, गुरुवार

चिटणीस अकराला आले. सडपातळ, कमी बोलणारे, खिशात भिंग. सुतार दाराशी हात बांधून उभा. पुतणीही आली होती, माझ्याकडे बघत नव्हती.

चिटणिसांनी इंजिनांकडे, पुलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भिंग लावून रुळांच्या कडा बघत गेले, मग वाघिणी. वीस मिनिटं खोलीत कुणी खोकलं नाही. अठराव्या वाघिणीपाशी थांबले. "ही वेगळ्या माणसानं केलीय," म्हणाले. "नवशिका आहे." मी छताकडे बघितलं.

मग भिंग मिटून म्हणाले, "रूळ सगळेच टाकतात हो. आमच्याकडे चाळीस जणांचे रूळ पडलेत. असा मळ मी आजवर पाहिला नाही. दालनात ठेवायचा तर वर्षा-दोन वर्षांनी तो उडतो, पुन्हा भरावा लागतो. ज्यांनी केला ते गेले असतील तर आम्ही हे घेऊन करायचं काय? आमच्या हातून नासेल. कोण करत होतं हे?"

वहिनी वळल्या. "चहा ठेवते मी," म्हणाल्या. दाराशी पोचल्या आणि तिथूनच, मागे न वळता, म्हणाल्या, "ह्यांनीच केलं सगळं."

बत्तीस वर्षं असंच झालं असणार. कुणीतरी विचारायचं आणि वहिनी जिन्यावर. मला दादा दिसला, टेबलांच्या मधोमध, हसत. आज त्याच्या जागी मी उभा होतो आणि सगळे माझ्याकडे बघत होते. काल दिलेल्या शब्दाचं काय, असं मनात आलं. मग आठवलं, शब्द मी दिलाच नव्हता.

"वहिनी," मी म्हटलं, "वजन कमी भरतंय."

तीस वर्षं दुकानदारांना म्हटलेलं वाक्य. त्यापुढे कुठल्या दुकानदाराला बोलता आलं नव्हतं. वहिनी दारातच वळल्या.

मी चिटणिसांना म्हटलं, "रूळ माझ्या भावानं टाकले. मळ यांचा आहे. चार नंबर धुतली तर तुमच्यासमोर पुन्हा करून देतील, मी पाच वेळा धुऊन पाहिलीय."

वहिनींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "भाऊजी, ह्यांना काय वाटेल हो?"

"वाटू दे," मी म्हटलं. "त्याला म्हणावं, धाकट्यानं सांगितलं."

पुतणी आईजवळ गेली आणि तिचा हात उलटा करून बोटं बघत राहिली. "म्हणजे दर रविवारी तू हे करत होतीस?" एवढंच म्हणाली. चिटणिसांनी त्याच बोटांना नमस्कार केला. दर गुरुवारी दालनाची किल्ली वहिनींकडे, ही त्यांची अट. वहिनी म्हणाल्या, "गुरुवारी दुपारी जमेल. आणि कुणी ओली फडकी फिरवायची नाहीत." माझ्याकडे बघून म्हणाल्या.

चहा सुतारानं केला. फार गोड केला.

२३ मार्च, शनिवार

नवी पाटी आणली. दोन नावं, एकाखाली एक नाही, शेजारी शेजारी. अक्षरांची उंची पट्टीनं मोजून घेतली, सारखी आहे. "निर्मिती" हा शब्द दोघांच्या वर.

वहिनींनी हातात घेतली, वाचली. बराच वेळ वाचत होत्या, तसं तिथे वाचायला फार नाही. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "फार चकचकीत आहे, भाऊजी. त्या स्टेशनात शोभायची नाही. आत्ता लावल्यासारखी वाटते."

शिवणाची पेटी आणली. सात नंबरची बाटली, चार नंबरची, थोडी अकराची. काजळी अक्षरांच्या खाचांत भरली, वरची पुसली, स्क्रूच्या भोकांखाली दोन बारीक ओघळ काढले, कडांना हिरवट चढवलं. दादाच्या नावाला जेवढं, तेवढंच स्वतःच्या. अर्ध्या तासानं पाटी तीस वर्षं तिथेच असल्यासारखी दिसायला लागली.

मी ती तराजूवर ठेवली. आधी एकसष्ट ग्रॅम चारशे मिलिग्रॅम होती. आता एकसष्ट ग्रॅम पाचशे साठ.

वहिनींनी विचारलं, "भरलं का?"

तपासलं. वजन बरोबर आहे. खाली सही केली.